सेट : नाम, क्रियापद, वगैरे

गाडीतळावरून फुरसुंगीची बस पकडते तेव्हा
पिशवीत असतात डबा, छत्री
आणि वाचनालयानं रद्दीत काढलेला शब्दकोश.
त्यात या एका शब्दाला साडेचार पानं दिली आहेत.
आम्ही तिघं मांजरीत दीड खोलीत राहतो.

एफवायचा वर्ग. पटावर बेचाळीस, हजर अकरा.
फळ्यावर लिहिते : सेट.
कोणी म्हणतं, टीव्ही. कोणी म्हणतं, कपबशा.
मागच्या बाकावरचा, जिममधून थेट आलेला,
दंड चोळत : तीन मारले, मॅडम.
अंजुम तांबोळी हळूच : आमच्या गल्लीत
शूटिंगला लावला होता, पुठ्ठ्याचा किल्ला,
वारा आला आणि बुरूज गटारात गेला.
लिहून घेते सगळं. खडू संपतो, शब्द नाही.

माझे अर्थ मी फळ्यावर लिहिले नाहीत.

पहिला : परीक्षा. चारदा दिली.
तीनदा वाट्याला सेट सीची पुस्तिका आली,
चौथ्यांदा डी. पास झाले.
आईनं पेढे वाटले, मावशी म्हणाली,
सुटलीस बाई, पोरगी सेट झाली.
तो दुसरा.
तेव्हापासून तासाप्रमाणे पैसे.
मे महिन्यात तास नसतात.

तिसऱ्याला शेपूट आहे, तो शब्दकोशात नाही.
संस्थेच्या ऑफिसात एक गृहस्थ
खुर्ची जवळ ओढून म्हणाले, सेटिंग लागेल,
आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला.
आकडा तोंडानं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.
मी शून्यं मोजत होते,
तेवढ्यात त्यांच्याच हाताची सावली पडली
आणि सोलरवरचा तो आकडा पुसट झाला.

चौथा अण्णांचा.
छत्तीस वर्षं त्यांनी या शहराला प्लॅस्टर केलं,
बिबवेवाडी, कोथरूड, मग मगरपट्टा.
मला कामावरचा एकच नियम शिकवला :
सेट होईस्तोवर हात लावायचा नाही.
मी लावलाच. सातवीत.
धनकवडीत कुठल्याशा जिन्यात, रंगाखाली,
माझी चार बोटं अजून असतील.

परांचीवरून कधी पडले नाहीत.
दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडले.
ससूनमध्ये उजवं मनगट बांधलं.
घरी येऊन डाव्या हाताच्या पेरानं
त्यांनी ते ठोकून पाहिलं,
कान लावला, भिंतीला लावत तसा,
आणि म्हणाले, पोकळ नाही.
पोरानं माल बरा कालवलाय.

मराठीत याची सोय वेगळी.
हाड बसतं. सूर्य मावळतो. चुना धरतो.
चाळीत ज्याला त्याला आपला नळ हवा असतो
तसं ज्याला त्याला आपलं क्रियापद.
हे मी वर्गात म्हणाले, जरा तोऱ्यातच.
अंजुमनं हात वर केला :
मग 'लागणं' काय, मॅडम?
दही लागतं, ठेच लागते,
निकाल लागतो, नजर लागते,
पोळीचा तळ लागतो,
माझा भाऊ टेम्पोवर लागला.
वर्ग हसला. मीही.
मग तिनं, व्याकरणातली शंका विचारावी तसं,
विचारलं : तुम्ही कधी लागणार?

तास संपल्याची घंटा झाली.

बसला अवकाश होता. कालव्याच्या पुलावर उभी राहिले.
पलीकडे नव्या इमारतीचा स्लॅब,
त्यावर ओली गोणपाटं,
आणि गोणपाटांच्या कडेनं चाललेलं एक कुत्रं,
ज्याला कोणी नियम शिकवला नव्हता.
सूर्य त्या सळयांच्या मागे गेला.
इंग्रजीत त्याला काय म्हणतात
ते आज पुन्हा सांगत नाही.

घरी आले तर अण्णांनी विरजण लावलेलं,
डाव्या हातानं, ओट्यावर सांडवून.
म्हणाले, भांड्याला धक्का लावू नकोस.
बराच वेळ मी
दिवासुद्धा न लावता बसून राहिले.